इरावती कर्वे

इरावती दिनकर कर्वे (जन्म : मिंजान, ब्रह्मदेश, १५ डिसेंबर १९०५, मृत्यू : पुणे, ११ ऑगस्ट १९७०) या मानवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि मराठी लेखिका होत्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्थेत त्यांनी १९३९ पासून समाजशास्त्र आणि मानवशास्त्र या विषयांचे अध्यापन व संशोधन केले. भारतातील नातेसंबंधांची रचना, जातिसंस्थेची घडण आणि महाराष्ट्रातील लोकसमूह हे त्यांच्या अभ्यासाचे प्रमुख विषय होते. महाभारतातील व्यक्तिरेखांवरील ‘युगान्त’ या ग्रंथासाठी त्यांना १९६८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचे बहुतेक शास्त्रीय लेखन एका लहान संस्थेत, मोजक्या सहकाऱ्यांच्या सोबतीने झाले आणि त्यातील बराच भाग त्या संस्थेनेच छापला. या परिस्थितीचा त्यांच्या कामाच्या स्वरूपावर खोल परिणाम झालेला दिसतो.

== बालपण आणि शिक्षण ==

इरावतींचे माहेरचे आडनाव करमरकर. वडील गणेश हरी करमरकर हे ब्रह्मदेशात कापसाच्या व्यवसायातील एका कंपनीत नोकरीस होते. तेथील इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यास पाठवले गेले आणि हुजूरपागा या मुलींच्या शाळेच्या वसतिगृहात त्या राहू लागल्या. शाळेत शकुंतला परांजपे त्यांच्या सोबत होत्या. शकुंतलाबाईंचे वडील रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे त्या वेळी फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. या मैत्रीमुळे इरावती परांजप्यांच्या घरी राहावयास गेल्या आणि त्या घरातल्याच एक होऊन गेल्या. परांजपे नास्तिक आणि विवेकवादी म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या घरातील ग्रंथसंग्रह आणि मोकळी चर्चा यांचे संस्कार इरावतींवर झाले. पुढे देवधर्म, व्रतवैकल्ये आणि वारी यांविषयी त्यांनी आस्थेने लिहिले, परंतु त्या लेखनात भाविकतेपेक्षा कुतूहलच अधिक आहे, हे या पार्श्वभूमीवर समजण्यासारखे आहे.

१९२२ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन १९२६ मध्ये त्यांनी बी. ए. ची पदवी मिळवली. त्यानंतर दक्षिणा फेलोशिप मिळाल्याने त्या मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राच्या अभ्यासासाठी गेल्या. तेथील समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला होता आणि १९२४ पासून त्याची सूत्रे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे होती. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली इरावतींनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. स्वतः चित्पावन असलेल्या विद्यार्थिनीने स्वतःच्याच जातीकडे अभ्यासविषय म्हणून पाहावे, ही त्या काळी नवी गोष्ट होती. जुने ग्रंथ आणि प्रत्यक्ष लोकव्यवहार यांचा मेळ घालण्याची घुर्ये यांची रीत इरावतींनी आयुष्यभर सोडली नाही. गुरूंच्या निष्कर्षांपासून मात्र त्या पुढे बऱ्याच दूर गेल्या.

याच काळात त्यांचा विवाह महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी झाला. दिनकर कर्वे हे फर्ग्युसन कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापक होते.

== बर्लिनमधील प्रबंध ==

१९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेल्या. स्त्रीशिक्षणासाठी हयात वेचणाऱ्या महर्षी कर्वे यांचा सुनेच्या या परदेशगमनास विरोध होता. दिनकर कर्वे यांनी मात्र पत्नीच्या निर्णयास पूर्ण पाठिंबा दिला. खर्चासाठी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेण्यात आले.

बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजनन संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. १९२७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था त्या वेळी नवी आणि साधनसंपन्न होती. नाझी राजवटीत तिने वंशवादी धोरणांना शास्त्राचा आधार पुरवला आणि फिशर यांचे नाव त्या इतिहासाशी कायमचे जोडले गेले. इरावतींना दिलेला विषय मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधील असमानतेचा होता. युरोपीय वंशाच्या माणसांत ही असमानता अधिक असते आणि तिचा संबंध त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाशी आहे, असे गृहीतक त्यामागे होते. संस्थेच्या संग्रहात जर्मन वसाहतींमधून आणलेल्या कवट्याही होत्या. इरावतींनी १४९ कवट्यांची मोजमापे घेतली आणि असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. ज्यांच्या हाती पदवी होती त्या गुरूंच्या मताविरुद्ध जाणारा निकाल एका वसाहतीतून आलेल्या, कर्ज काढून शिकणाऱ्या विद्यार्थिनीने दिला, ही घटना त्यांच्या चरित्रात महत्त्वाची आहे. पदवी मिळाली, पण गुणांच्या बाबतीत परीक्षकांनी हात आखडता घेतला. हा प्रबंध १९३१ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला.

तरीही मोजमापांवरील त्यांचा विश्वास बर्लिनमध्ये दृढ झाला आणि तो त्यांनी पुण्यास सोबत आणला. वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत त्यांनी नाकारला. माणसांच्या शरीरांची मापे घेऊन समाजाच्या इतिहासाचा माग काढता येतो, ही कल्पना मात्र त्यांनी नाकारली नाही. या दोन गोष्टींमधील ताण त्यांच्या पुढील कामात अनेकदा जाणवतो.

== महिला विद्यापीठातील काळ ==

भारतात परतल्यावर इरावतींनी १९३१ ते १९३६ या काळात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केले. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेले हे विद्यापीठ आकाराने अगदी लहान होते. शिक्षण मातृभाषेतून दिले जाई आणि पदव्यांना गृहीतागमा, प्रदेयागमा अशी संस्कृत नावे होती. सरकारने या पदव्यांना कायदेशीर मान्यता दिलेली नव्हती. ती मिळण्यास स्वातंत्र्यानंतरची काही वर्षे जावी लागली. त्यामुळे तेथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या स्त्रीला सरकारी नोकरीचे किंवा इतर विद्यापीठांतील पुढील शिक्षणाचे दार सहज उघडत नसे.

कुलसचिवाचे काम प्रामुख्याने कार्यालयीन होते. परीक्षा, नोंदी, पत्रव्यवहार आणि संलग्न शाळा-महाविद्यालयांचा कारभार यांत बर्लिनहून शिकून आलेल्या मानवशास्त्रज्ञाला आपल्या विषयासाठी फारसा वाव नव्हता. घरचे विद्यापीठ असल्यामुळे जबाबदारी टाळणेही सोपे नव्हते. मात्र मातृभाषेतून उच्च शिक्षण देणे व्यवहारात काय असते, याचा अनुभव त्यांना येथे मिळाला. शास्त्रीय विषय मराठीत लिहिता येतो आणि लिहिला पाहिजे, या मताला त्या पुढे धरून राहिल्या. या मताची मुळे या पाच वर्षांत शोधता येतात.

== डेक्कन कॉलेज ==

डेक्कन कॉलेजचा इतिहास १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या हिंदू कॉलेजपर्यंत मागे जातो. पेशवाईतील दक्षिणेच्या निधीतून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ही पाठशाळा काढली होती. इरावतींना मुंबईला जाण्यासाठी मिळालेली फेलोशिपही त्याच दक्षिणेच्या परंपरेतील होती. पुढे कॉलेज येरवड्यास नव्या इमारतीत गेले. १९३४ मध्ये सरकारने ते बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पुन्हा उघडली. पण या वेळी पदवीपूर्व वर्ग न भरवता केवळ पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन करणारी संस्था म्हणून. या नव्या संस्थेत इरावती कर्वे समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या.

त्यांच्यासोबत आलेल्यांत पुरातत्त्वज्ञ हसमुख धीरजलाल सांकळिया, भाषाशास्त्रज्ञ सुमित्र मंगेश कत्रे आणि मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक त्र्यंबक शंकर शेजवलकर हे होते. प्रत्येक विषयाला बहुधा एखादाच अध्यापक असे. इरावतींच्या विषयातही बराच काळ त्या एकट्याच होत्या. पुण्यात त्या वेळी मानवशास्त्राचा दुसरा व्यावसायिक अभ्यासक नव्हता म्हटले तरी चालेल. समाजशास्त्र, शारीरिक मानवशास्त्र आणि सांस्कृतिक मानवशास्त्र ही मोठ्या विद्यापीठांत तीन स्वतंत्र माणसांकडे असणारी कामे येथे एकाच व्यक्तीकडे होती. वाद घालण्यास, कच्चा मसुदा दाखवण्यास किंवा चूक दाखवून देण्यास त्याच विषयातला माणूस शेजारच्या खोलीत नव्हता. शेजारी होते ते संस्कृतज्ञ, भाषाशास्त्रज्ञ आणि उत्खनन करणारे.

याचे फायदेही झाले. सांकळिया यांना गुजरातमधील लांघणज येथे सूक्ष्मास्त्रांसोबत मानवी सांगाडे सापडले, तेव्हा ते तपासण्यासाठी त्यांना दूर जावे लागले नाही. इरावती १९४४ च्या मोहिमेत सहभागी झाल्या आणि दोघांनी मिळून लिहिलेला लेख १९४९ मध्ये अमेरिकेतील मानवशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात छापून आला. त्या सांगाड्यांत आफ्रिकी वंशाशी साम्य पाहण्याचा त्यांचा निष्कर्ष पुढील अभ्यासकांनी स्वीकारला नाही. वंशगटांच्या ज्या चौकटीत तो मांडला होता ती चौकटच शास्त्राने नंतर टाकून दिली. पण कवटीशास्त्र शिकलेली व्यक्ती आणि प्रागैतिहासिक उत्खनन करणारी व्यक्ती एकाच लहान इमारतीत असल्यामुळे भारतीय पुरातत्त्वात एक नवे दालन उघडले, हे खरे आहे.

डेक्कन कॉलेजने आपले स्वतःचे संशोधनपत्र, म्हणजे बुलेटिन, संस्था सुरू होताच काढले. इरावतींचा मराठी मुलखातील नात्यांच्या संज्ञांवरील दीर्घ लेख त्याच्या पहिल्याच खंडात आला. पुढे तीच संस्था प्रबंधमाला काढू लागली आणि इरावतींचे महत्त्वाचे ग्रंथ तीत प्रसिद्ध झाले. लेखक, संस्था आणि प्रकाशक एकच असण्याची ही पद्धत त्या काळी पुण्यातील संशोधन संस्थांत सर्रास होती. तिच्यामुळे बाजारात खपणार नाही असे पुस्तकही छापले जाई. कोष्टके, संज्ञांच्या याद्या, मापांचे तक्ते यांना कात्री लागत नसे. मात्र प्रती कमी निघत आणि परदेशातल्या किंवा देशातल्याच दुसऱ्या टोकाच्या वाचकापर्यंत त्या सावकाश पोहोचत.

== नातेसंबंधांचा अभ्यास ==

१९५३ मध्ये डेक्कन कॉलेजच्या प्रबंधमालेत प्रसिद्ध झालेला भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील इंग्रजी ग्रंथ हे इरावती कर्वे यांचे सर्वांत प्रसिद्ध शास्त्रीय काम होय. त्याचा मसुदा त्यांनी १९५१-५२ मध्ये लंडनच्या प्राच्यविद्या व आफ्रिकी अभ्यास संस्थेत अध्यापनासाठी असताना पूर्ण केला. तोपर्यंत बहुतेक अभ्यासक एखादे गाव किंवा एखादी जमात निवडून तिच्यापुरते लिहीत. इरावतींनी संपूर्ण देश एका ग्रंथात घेतला. भाषाकुले आणि विवाहाचे नियम यांच्या आधारे त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग कल्पिले आणि प्रत्येकातील नात्यांच्या संज्ञा, कोणाशी लग्न चालते व कोणाशी नाही, लग्नानंतर स्त्रीचे स्थान काय राहते, यांची तुलना केली.

उत्तरेत मुलगी गावाबाहेर, शक्यतो दूर आणि अनोळखी घरात दिली जाते. माहेर आणि सासर ही दोन निराळी जगे होतात. दक्षिणेत मामाच्या किंवा आत्याच्या मुलांशी, काही जातींत प्रत्यक्ष मामाशीही विवाह होतो; लग्न होऊन मुलगी ज्या घरी जाते ते घर तिला लहानपणापासून ओळखीचे असते. एकाच धर्माच्या, एकच महाकाव्ये ऐकणाऱ्या दोन स्त्रियांच्या वाट्याला येणारे आयुष्य या एका नियमाने किती वेगळे होते, हे इरावतींनी जितके स्पष्टपणे दाखवले तितके त्यांच्यापूर्वी कोणी दाखवले नव्हते. महाराष्ट्र मध्य विभागात येतो. येथील अनेक जातींत मामेबहिणीशी विवाह चालतो, पण दक्षिणेतील सर्व प्रकार येथे चालत नाहीत. सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणण्याची मराठी रीत पाहिली, की विवाहाचे जुने नियम भाषेत कसे टिकून राहतात ते ध्यानात येते.

या कामासाठी त्यांनी देशाच्या अनेक भागांत प्रवास करून संज्ञा गोळा केल्या. त्याचबरोबर संस्कृत आणि पाली ग्रंथ, लोकगीते, म्हणी यांचाही उपयोग केला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. तिच्यावरून महाभारतातील नात्यांच्या संज्ञा आणि कुटुंबरचना यांवर इरावतींनी १९४० च्या दशकातच बुलेटिनमध्ये लेख लिहिला होता. ‘युगान्त’चे बीज या रूक्ष वाटणाऱ्या लेखात आहे.

लुई द्यूमों आणि डेव्हिड पोकॉक यांनी १९५७ मध्ये आपल्या नव्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात या ग्रंथाची सविस्तर चिकित्सा केली. ग्रंथातील सामग्रीचे मोल त्यांना मान्य होते. इतिहास व प्राचीन ग्रंथ यांचा आधार घेण्याची रीत आणि समकालीन नातेसंबंध-सिद्धांताकडे झालेले दुर्लक्ष यांवर त्यांचा आक्षेप होता. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. लंडन, ऑक्सफर्ड, पॅरिस येथे त्या वर्षांत जो सैद्धांतिक वाद चालू होता, त्याचे पडसाद येरवड्यातील ग्रंथात क्षीण आहेत. परंतु ज्या भाषाशास्त्रज्ञ आणि संस्कृतज्ञ सहकाऱ्यांमध्ये हे पुस्तक घडले, त्यांच्याशिवाय अकराशे-बाराशे मैलांवरच्या दोन प्रदेशांतील संज्ञा शेजारी ठेवून वाचण्याचे धाडस कोणी केले असते असे वाटत नाही. ग्रंथाची सुधारित आवृत्ती १९६५ मध्ये व्यावसायिक प्रकाशकाकडून निघाली आणि मगच तो देशभरच्या विद्यापीठांत सर्वत्र पोहोचला.

== जातीविषयीचे विचार ==

जातिसंस्था ही मूळच्या एका समाजाचे तुकडे पडून झाली आणि तिचा प्रसार ब्राह्मणी परंपरेतून झाला, असे घुर्ये यांचे प्रतिपादन होते. इरावतींनी याच्या उलट बाजूने विचार केला. आपापसांत लग्ने करणारे लहान लहान स्वतंत्र समूह आधीपासून होते, ते शेजारी येऊन एका व्यवस्थेत गोवले गेले. कुंभार, सोनार, ब्राह्मण ही नावे अशा अनेक समूहांच्या पुंजक्यांना मिळालेली आहेत, असे त्यांनी १९६१ च्या हिंदू समाजावरील पुस्तकात मांडले. महाराष्ट्रातील कुंभारांचे उदाहरण त्यांनी घेतले. थोरचाके आणि लहानचाके हे दोघेही कुंभारच म्हणवले जातात, पण त्यांची चाके, घडवण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही.

हा विचार तपासण्यासाठी त्यांनी शरीरमापनाचा आधार घेतला. अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या सहकार्याने महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांवरील ग्रंथ १९५१ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. कैलाश मल्होत्रा यांच्यासोबत लिहिलेला, समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही समूहांची तुलना करणारा लेख १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. एकाच नावाखाली मोडणाऱ्या समूहांत जैविक अंतर आढळले, तर ते एकाच पूर्वजाचे तुकडे नाहीत, असा हा युक्तिवाद होता. जातीमधील सत्ता, जमीन आणि अपमान यांचा विचार या पद्धतीत मागे पडतो, अशी टीका नंतर झाली आणि ती योग्य आहे. मापे घेणारी पट्टी गावच्या पाटलाला आणि वेशीबाहेरच्या माणसाला सारखीच लावली, तरी त्या दोघांमधले अंतर पट्टीवर उमटत नाही.

== क्षेत्रकार्य आणि विद्यार्थी ==

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले. तेथे मानवशास्त्राचा विभाग उभा राहण्यात इरावतींचा मोठा वाटा होता. विद्यार्थी मोजके असत. त्यांना सोबत घेऊन गावोगाव जाणे, शाळेच्या ओसरीवर किंवा देवळात मुक्काम करणे, दिवसा मापे आणि वंशावळी, रात्री नोंदी, हा त्यांच्या अध्यापनाचा मुख्य भाग होता. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणारी पहिली स्त्री म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते.

१९५० आणि १९६० च्या दशकांत त्यांचे बरेचसे लेखन सहलेखनाच्या स्वरूपाचे आहे. यशवंत भास्कर दामले यांच्यासोबत त्यांनी खेड्यातील समूहसंबंधांचा अभ्यास केला. पश्चिम खानदेशातील भिल्ल, फलटणसारखे वाढते गाव आणि त्याचा परिसर, आठवड्याचे बाजार असे विषय त्यांनी हाताळले. सरकारी संस्था व नियोजन मंडळाच्या अर्थसाहाय्यातून ही पाहणी होत असल्याने विषय पुष्कळदा वरून ठरत. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी मात्र या सर्वांत निराळी आहे. कन्या जाई निंबकर यांच्यासोबत लिहिलेला हा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतील लोक कोठे गेले, त्यांना जमीन मिळाली का, मिळाली तर कशी, शेजार आणि सोयरसंबंध टिकले का, याची नोंद त्यात आहे. पुनर्वसनाचे नियोजन अपुरे होते हे त्यातून उघड होते. विस्थापनाचा प्रश्न देशात चळवळीच्या पातळीवर येण्यापूर्वी कितीतरी आधी हे काम झाले. त्याची दखल फार उशिरा घेतली गेली.

== मराठी लेखन ==

इरावती कर्वे यांना महाराष्ट्रात घराघरांत ओळख मिळाली ती त्यांच्या ललित लेखांमुळे. ‘परिपूर्ती’ (१९४९), ‘भोवरा’ आणि मृत्यूनंतर १९७२ मध्ये निघालेला ‘गंगाजल’ हे त्यांचे लेखसंग्रह मराठी ललित गद्यात मानाचे स्थान मिळवून आहेत. ‘परिपूर्ती’ या लेखात एका सभेत सासरे, पती अशा नात्यांतून करून दिलेली ओळख अपुरी वाटते आणि रस्त्यावरच्या मुलांनी एका मुलाची आई म्हणून ओळखल्यावर ती पुरी होते. नातेसंबंधांवर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या स्त्रीने स्वतःलाच त्या जाळ्यात ठेवून पाहिले आहे. ‘मराठी लोकांची संस्कृती’ (१९५१) सारखी पुस्तके त्यांनी थेट मराठी वाचकासाठी लिहिली.

पंढरीच्या वारीवरील त्यांचा लेख या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. आळंदीहून निघालेल्या दिंडीत त्या चालत गेल्या. विठ्ठलाच्या नावाने एकत्र चालणाऱ्या बायका जेवायला बसताना जातीप्रमाणे वेगळ्या होतात, हे त्यांना खटकले आणि ब्राह्मण बायकांची पंगत सोडून त्या मराठा बायकांमध्ये जेवावयास बसल्या. लेख मराठीत ललित निबंध म्हणून लिहिला गेला. दिनकर कर्वे यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९६२ मध्ये अमेरिकेतील आशियाविषयक अभ्यासाच्या नियतकालिकात आले आणि जगभर वारीच्या अभ्यासकांसाठी तो प्रारंभीचा आधार ठरला. हा लेख मुळात शास्त्रीय की ललित, हा प्रश्न मराठी वाचकाला पडला नाही आणि तिकडच्या अभ्यासकांनाही तो अडचणीचा वाटला नाही.

‘युगान्त’ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, भीष्म या व्यक्तींना देवत्वातून उतरवून कुळ, वारसा आणि विवाह यांच्या नियमांत अडकलेली माणसे म्हणून त्यांनी पाहिले. भीष्माच्या त्यागाची किंमत इतरांनी, विशेषतः त्या घरात आणलेल्या स्त्रियांनी, कशी मोजली याचा हिशेब त्यांनी मांडला. अनेक वाचकांना तो रुचला नाही. पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९६९ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. १९६८ मध्ये महाराष्ट्राची भूमी आणि लोक यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ राज्याच्या गॅझेटिअर विभागाने प्रसिद्ध केला.

== अखेरची वर्षे ==

१९५९-६० मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने त्या काही काळ अमेरिकेत बर्कली येथे होत्या. १९४७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र विभागाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते. तरी डेक्कन कॉलेज सोडून मोठ्या विद्यापीठात त्या गेल्या नाहीत. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. लेखिका जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या त्यांच्या कन्या, तर वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे हे त्यांचे पुत्र.

डेक्कन कॉलेजला अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९९० मध्ये मिळाला. त्या वेळेपर्यंत पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र हेच संस्थेची ओळख बनले होते आणि इरावतींच्या विषयाची तेथील जागा आक्रसली होती. त्यांचे मराठी लेखसंग्रह मात्र आजही नव्या आवृत्त्यांतून निघत असतात.